बेसी कोलमनचे चरित्र मुलांना कसे सांगावे

अमेरिकेतील काळी वैमानिक बेसी कोलमन हिची गोष्ट विमानापासून सुरू करू नये. ती कापसाच्या शेतापासून सुरू करावी. २६ जानेवारी १८९२ रोजी टेक्सासमध्ये जन्मलेल्या या मुलीची शाळा वेचणीचा हंगाम आला की बुडत असे. वेचताना बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे कशी ओरबाडली जातात हे ठाऊक असलेली मुले वर्गात असतील, तर हा भाग त्यांनाच सांगू द्यावा.

पुढे १९१५ मध्ये ती शिकागोला गेली आणि केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे नीटनेटकी करून देण्याचे काम करू लागली. हे थोडक्यात सांगून मुलांना विचारावे, की अमेरिकेत विमाने असताना तिला उड्डाण शिकायला फ्रान्सला का जावे लागले? उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावे: ती काळी होती आणि स्त्री होती, म्हणून तिथल्या उड्डाणशाळांनी तिला प्रवेश नाकारला. ‘शिकागो डिफेंडर’ या वृत्तपत्राचे संस्थापक रॉबर्ट अॅबट यांच्या सल्ल्यावरून तिने आधी फ्रेंच शिकून घेतले आणि नोव्हेंबर १९२० मध्ये ती बोटीने निघाली. माझ्या मते चरित्राचा कणा हाच आहे, त्यामुळे येथे घाई करू नये.

प्रशिक्षण समजावण्यासाठी दोन मुलांना एकामागे एक बसवून दोघांच्या हाती एकेक काठी द्यावी. फ्रान्समधील ल क्रोतोय येथील कोद्रों बंधूंच्या उड्डाणशाळेतील लाकूड, कापड आणि तारांच्या विमानात इंजिनाच्या आवाजामुळे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून मागे बसलेल्या शिकाऊने आपल्या नियंत्रण-दांडीवर हात ठेवून तिला जोडलेल्या गुरूच्या दांडीची हालचाल ओळखायची असे. १५ जून १९२१ रोजी तिला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला; तो मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री.

टेक्सासमधील वॅक्साहॅची गावात तिने केलेल्या विमानांच्या कसरतींच्या कार्यक्रमाचा प्रसंग गाळू नये. काळ्या आणि गोऱ्या प्रेक्षकांसाठी वेगवेगळी प्रवेशद्वारे ठेवल्यास आपण उडणार नाही, असे तिने आयोजकांना बजावले आणि प्रवेशद्वार एकच झाले. आत बसण्याच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या, हेही सांगावे.

३० एप्रिल १९२६ रोजी जॅक्सनव्हिल येथे ती बसलेल्या विमानाच्या नियंत्रणयंत्रणेत पाना अडकला. पॅराशूटच्या उडीसाठी खालची जागा न्याहाळता यावी म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. ती बाहेर फेकली गेली आणि विमान चालवणारा मेकॅनिक विल्यम विल्सही मरण पावला. कथन येथे थांबवू नये. काळ्या लोकांसाठी उड्डाणशाळा काढण्याची तिची इच्छा सांगावी आणि १९२९ मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावाने वैमानिकांचा क्लब सुरू केला, तिथे गोष्ट पुरी करावी.