मराठी ई-बुकच्या कामात शिरायचंय? जुन्या फॉन्टपासून सुरुवात करा

पीडीएफ चढवली की ई-बुक झालं, हा समज आधी सोडा. पीडीएफमधलं पान बांधलेलं असतं. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. ई-पब या ई-बुकच्या फाइल-प्रकारात ओळी पडद्याच्या मापाने नव्याने बसतात.

तेव्हा पहिलं काम, एखादं कुलूप नसलेलं ई-पब फोडून बघा. फाइलच्या नावाचं शेपूट बदलून ‘झिप’ करा. आत एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतली प्रकरणं, मजकुराचं रूप ठरवणारी सीएसएस फाइल, चित्रं आणि पुस्तकाची माहिती व क्रम सांगणारी ओपीएफ फाइल सापडेल. ‘सिजिल’ हे ई-पब संपादनाचं मोफत सॉफ्टवेअर घेऊन यातच खेळत राहा. प्रोग्रामिंग यायला हवं असं नाही.

सरावाला स्वामित्वहक्क संपलेला मजकूर घ्या. आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून खुलं आहे. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं मात्र उचलू नका, त्यांचा हक्क वेगळा.

आता खरी मेख. कितीतरी जुनी मराठी पुस्तकं पेजमेकर या पानं जुळवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये पडून आहेत. त्या फाइलीत ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच. दुसऱ्याच एखाद्या चिन्हाला ‘क’चा मुखवटा चढवलेला असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत आणताना रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. माझ्या पहिल्याच पुस्तकात सह्याद्रीतल्या सगळ्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या होत्या. डोंगरात समुद्र! दोन्ही शब्द बरोबर, त्यामुळे स्पेलचेकने हूं की चूं केलं नाही. शिवाय हा ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी साठवता येतो. दिसायला सारखाच, पण वाचक शोधायला गेला की एक सापडतो, दुसरा नाही. सगळीकडे एकच तऱ्हा ठेवा. आणि मूळ छापील प्रत शेजारी ठेवून वाचा, याला पर्याय नाही. मुद्रितशोधनाची सवय असलेला माणूस या धंद्यात कोडवाल्यापेक्षा लवकर टिकतो, असं माझं मत.

फाइल झाली की ‘ईपबचेक’ या चुका तपासणाऱ्या साधनातून काढा. ओपीएफमध्ये भाषेच्या जागी मराठीचा संकेत टाका. हिंदीचा राहिला तर काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. मग स्वस्तातल्या फोनवर, रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर उघडा. मजकुराला काळा रंग ठोकून बसवला असेल तर पान कोरं दिसू शकतं.

व्यवस्थापन इथून पुढे सुरू होतं. जुन्या करारात ई-बुकचे हक्क आहेत का, ते आधी पाहा; बऱ्याचदा त्यांचा उल्लेखच नसतो. छापील प्रतीचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, ई-बुकला वापरू नका. भारतात वेगळा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. ॲमेझॉनच्या किंडलवर भारतातल्या विक्रीचं ७० टक्के मानधन हवं तर ‘सिलेक्ट’ योजनेत जावं लागतं, आणि मग ९० दिवस तेच ई-बुक गूगल प्ले किंवा बुकगंगावर विकता येत नाही. प्रकाशकाला हे सही करण्याआधी सांगा.

प्रकाशकाकडे काम मागायला जाताना प्रमाणपत्र नेऊ नका. त्यांच्याच जुन्या पुस्तकाचं एक प्रकरण मागून घ्या आणि चार दिवसांनी फोनवर उघडून दाखवा. कामाचा दर पानामागे ठरवा. कविता, तक्ते आणि तळटीपांचा वेगळा.