झाडाखालचा वर्ग : बालवाडीच्या ताईंसाठी आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते काम वाढवले. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, या विचारातून वस्तीतल्या अंगणात अंगणवाडी भरू लागली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आज आपण वर्ग बाहेर नेतो तो बहुधा पानांचे आकार किंवा पक्ष्यांची नावे शिकवण्यासाठी. ते शिक्षण होतेच. पण उघड्यावर मुलांना एकमेकांशी जमवून घ्यावे लागते, वाट पाहावी लागते, भीतीला सामोरे जावे लागते, आणि मोठ्यांनी मध्ये पडण्याची घाई केली नाही तर ती हे सारे पुष्कळसे स्वतः शिकतात. पुढील सूचना याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

जागा एकच निवडावी आणि आठवड्यातून किमान दोनदा तिथेच जावे. दर वेळी नवे ठिकाण दाखवण्याचा उत्साह मोठ्यांना असतो, परंतु ओळखीच्या जागी लहान मूल लवकर मोकळे होते आणि तिथले बदल त्याच्या नजरेत भरतात. सावली हवी, उघडी विहीर आणि रहदारीचा रस्ता जवळ नको. पहिल्या दिवशी मुलांना घेऊन हद्दीवरून चालावे, फक्कीने रेघ आखावी आणि गोळा होण्याची खूण ठरवावी. गाण्याची एक ओळ त्यासाठी पुरते. आदल्या दिवशी शिक्षकाने जागा स्वतः पाहून यावी. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. कण्हेर आणि धोतराही विषारी आहेत, आणि खाजकुइलीच्या शेंगांच्या नुसत्या स्पर्शाने अंगाची आग होते. म्हणून विचारल्याशिवाय काहीही तोंडात घालायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. सर्पदंश झालाच तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. मुलाला हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

पोहोचल्यावर लगेच काम देऊ नये. पहिली दहा मिनिटे मुलांना नुसते हिंडू द्यावे. जूनमध्ये मृगाचे किडे, नंतर गोगलगायी आणि अंगाची गुंडाळी करणारा पैसा किडा, असे काही ना काही त्यांना सापडतेच, आणि भीतीचा प्रश्नही तिथेच उभा राहतो. एखादे मूल किडा पाहून मागे सरते, बाकीची हसतात. अशा वेळी “त्यात काय घाबरायचं?” असे म्हटले की मुलाला भीतीबरोबर लाजही वाटू लागते. त्याऐवजी “तुला भीती वाटते आहे. किती लांब उभं राहून बघायचं?” असे विचारावे आणि ते ठरवेल त्या अंतरावर त्याच्याबरोबर उभे राहावे. किडा त्याच्या हातावर ठेवण्याचा प्रयोग मुळीच करू नये. काही मुले पुढच्या आठवड्यात आपणहून एक पाऊल जवळ येतात, काही येत नाहीत, दोन्ही चालते.

झाडावर चढण्याबाबतही हेच धोरण ठेवावे. मुलाला उचलून फांदीवर बसवू नये, कारण स्वतः चढलेल्या मुलाला उतरण्याचाही अंदाज असतो. शिक्षकाच्या खांद्याच्या उंचीची मर्यादा घालावी, खाली उभे राहावे आणि “पडशील” असे ओरडण्याऐवजी “आता पाय कुठे ठेवशील?” असे विचारावे.

एकत्र काम द्यायचे असेल तर ते एकट्याने न होणारे असावे. पाण्याची बादली दोघांनी धरून आणणे, लांब बांबू हलवणे, काटक्यांची झोपडी उभारणे, अशा कामांत सहकार्य शिकवावे लागत नाही. गट तिघाचौघांचा पुरे. स्पर्धा लावू नये. झारी तिघांत एकच ठेवली की पाळीचा प्रश्न येतो आणि तो येऊ द्यावा. मात्र तीन वर्षांच्या मुलांना पुरेशा वस्तू द्याव्यात. त्या वयात वाट पाहण्याची परीक्षा घेणे अन्यायाचे आहे.

पाळीवरून भांडण होणारच, आणि माझ्या मते या वर्गातील सर्वांत मोलाचा पाठ तोच असतो. शिक्षकाने जवळ जाऊन मुलांच्या उंचीला बसावे. मारामारी होत असेल तर हात धरून थांबवावी, नसेल तर क्षणभर थांबावे. मग दोषी न ठरवता दिसले तेवढेच सांगावे : “झारी एक आहे आणि दोघांनाही आत्ता हवी आहे.” प्रत्येकाला बोलू द्यावे आणि “आता काय करू या?” हा प्रश्न विचारून खरोखर गप्प बसावे. मुलांनी काढलेला तोडगा आपल्याला असमान वाटला, तरी दोघांना मान्य असेल तर तो राहू द्यावा. “सॉरी म्हण” असा आग्रह धरू नये. त्यातून मूल सुटका करून घेण्याची युक्ती तेवढी शिकते. राग, हेवा, हिरमोड, लाज, कंटाळा हे शब्द प्रसंग घडत असतानाच वापरावेत. घरची भाषा वारली, अहिराणी, गोंडी किंवा कोरकू असेल तर त्या भावनेचा घरचा शब्द आधी मुलाकडून ऐकावा आणि मग प्रमाण मराठीतला द्यावा.

गटात न मिसळणाऱ्या मुलाला ढकलू नये. प्रत्येकाने आपली एक जागा निवडावी, एखादे मूळ किंवा दगड, आणि रोज थोडा वेळ तिथे एकट्याने बसावे. असे केले की एकटे बसणे हा कोणाचा दोष ठरत नाही. अबोल मुलाकडे पाणी वाटण्यासारखे काम सोपवले, तर बोलण्याचे निमित्त आपोआप मिळते.

तीस मुलांमागे एकच शिक्षक असेल तर वर्गाचे दोन गट करून आळीपाळीने न्यावे, किंवा एखाद्या आजीला सोबतीला बोलवावे. मुलांचे काम आपण करून टाकायचे नाही, एवढे तिला आधी सांगावे. शहरात मैदान नसल्यास गच्चीवरच्या कुंड्या किंवा पालिकेची बाग चालते.

परतण्यापूर्वी गोलात बसावे, पण प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. ज्याला सांगायचे आहे त्याने सांगावे. त्याच दिवशी वहीत दोन-तीन मुलांविषयी दोन ओळी तारखेसह लिहाव्यात : कोणी पाळी सोडली, कोण पहिल्यांदा बोलले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात सामाजिक-भावनिक विकासाचा स्पष्ट उल्लेख आहे. मुख्याध्यापकांना तो दाखवता येतो. मळलेले कपडे पाहून “शिकवता कधी?” असे विचारणाऱ्या पालकांना मात्र धोरण सांगू नये. त्यांना त्यांच्याच मुलाच्या नोंदीचे पान काढून वाचून दाखवावे आणि पुढच्या वेळी तासभर सोबत येण्याचे आमंत्रण द्यावे.