मसाई मारात या चुका टाळा. पहिली म्हणजे «अजून थोडं पुढे घ्या»

केनियातल्या मसाई मारात आपल्याकडची माणसं आता हौसेने येतात, मुलाबाळांना आणि आजीआजोबांना घेऊन येतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण प्रत्येक गटात त्याच त्या चुका पाहून जीव कंटाळतो. यातल्या बऱ्याच चुका ताडोबाच्या सवयीतून येतात. तिथे ठरलेल्या वेळेची फेरी असते. वाघ दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर जिप्सीत रुसवे. माराचं रान वेगळं आहे. सुमारे १५१० चौरस किलोमीटरचा उघडा गवताळ माळ, झाडी नदीकाठी तेवढी, आणि सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत तुम्ही आत. इथे जनावर दिसतंच. ते काय करतंय हे कळेपर्यंत एका जागी बसायची तयारी मात्र घरून घेऊन यावी लागते.

गाडी पुढे घ्यायला लावणं

मारातले नियम साधे आहेत. ठरलेली वाट सोडायची नाही, जनावरापासून निदान २५ मीटर लांब राहायचं, एका जनावरापाशी एका वेळी पाचच गाड्या थांबणार, बाकीच्यांनी मागे राहून आपल्या पाळीची वाट पाहायची. ड्रायव्हरला हे सगळं पाठ असतं. मोडलं तर दंड त्याला होतो, आणि रानात यायची बंदीही होऊ शकते. हे ठाऊक असूनही मागच्या सीटवरून हात खांद्यावर पडतो: «भैया, थोडा और आगे.»

एकदा तालेक नदीच्या बाजूला, दुपार कलताना, चित्त्याची मादी वारुळावर उभी होती. पिल्लं जवळच गवतात. समोर थॉमसन गझेलांचा, म्हणजे छोट्या हरणांचा, कळप चरत होता. तिथले ड्रायव्हर त्यांना टॉमी म्हणतात. मादीची मान खाली गेली, खांदे वर आले आणि ती एकेक पाऊल सरकू लागली. आमच्या दोन गाड्या, दोन्हींची इंजिनं बंद. दुसऱ्या गाडीत एक काका होते, नवीकोरी मोठी लेन्स घेऊन आलेले. त्यांच्या फोटोत गवत आड येत होतं. त्यांनी ड्रायव्हरपुढे डॉलरची नोट धरली आणि «गो, गो» सुरू केलं. ड्रायव्हर पोरसवदा होता. त्याने एकवार आमच्या वयस्क ड्रायव्हरकडे पाहिलं आणि गाडी वाटेवरून खाली घातली, ती नेमकी मादी आणि कळप यांच्या मधे. टॉमींनी माना वर केल्या आणि पाहता पाहता माळ रिकामा झाला. मादी गवतात बसून राहिली. थोड्या वेळाने पिल्लांकडे परत गेली.

मग रेंजरची गाडी आली. दंड ड्रायव्हरच्या नावावर पडला, काकांना कोणी काही विचारलंही नाही. रात्री जेवताना ते म्हणाले, «त्यात काय, उद्या करेल शिकार!»

उद्याचं असं गृहीत धरता येत नाही. चित्ता काही सेकंद जीव तोडून धावतो आणि नंतर धापा टाकत बसतो. शिकार हाती लागली तरी तरस किंवा सिंह येऊन ती हिसकावून घेतात, आणि तो भांडत नाही, कारण एक जखम झाली तर पुढचं धावणंच संपलं. म्हणून तर तो सिंह-बिबट्यांची वेळ टाळून बहुतेक दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे नेमका आपल्या गाड्या हिंडत असताना. पिल्लांच्या आईला तर हे वरचेवर करावं लागतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मारातल्याच एका अभ्यासात असं दिसलं की जिथे पर्यटकांची गर्दी जास्त, तिथे चित्त्याच्या एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लंच मोठी होऊन स्वतंत्र झाली. जिथे गर्दी कमी, तिथे २.३. हा आकडा मी प्रत्येक गटाला पहिल्या रात्रीच सांगते, कारण दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कोणी नसतं.

माझी पद्धत अशी. पहिल्या सकाळी ड्रायव्हरला सगळ्यांसमोर सांगायचं की आम्हाला घाई नाही, तुम्ही म्हणाल तिथे आणि तेवढंच थांबू. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलतो आणि त्या दिवसापासून तो आपल्याला रान दाखवायला लागतो. जनावर दिसलं की इंजिन बंद करायला सांगायचं आणि निदान वीस मिनिटं तिथून हलायचं नाही, मग ते नुसतं झोपलेलं का असेना. टिप द्यायची ती शेवटच्या दिवशी, पाकिटात घालून, त्याच्या हातात. रानात नोट काढायचीच नाही. ज्याला गर्दी सहनच होत नाही त्याने नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ अशा शेजारच्या कन्झर्व्हन्सींत राहावं. ती जमीन मासाई कुटुंबांची आहे, त्यांना तिचं भाडं मिळतं, गाड्या मोजक्या सोडतात आणि पायी फिरायलाही मिळतं. महाग आहे. पण चार दिवस गर्दीत चिडचिड करण्यापेक्षा दोन दिवस तिथे काढलेले बरे.

मे महिन्याची सुट्टी आणि नदी ओलांडणारे कळप

दुसरी चूक घरबसल्याच होते. मुलांना सुट्टी मे महिन्यात, म्हणून तिकीट मे महिन्याचं. मनात चित्र मात्र मारा नदीत उड्या घेणाऱ्या विल्डबीस्टचं, म्हणजे बैलासारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचं. तेरा-चौदा लाख विल्डबीस्ट, त्यांच्याबरोबर लाखांनी झेब्रे आणि गझेल वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्डुटूच्या आसपास असतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास तिथे पिल्लांचा नुसता पाऊस पडतो. मे महिन्यात कळप अजून टांझानियातच असतात. मारात ते साधारण जुलैअखेर पोहोचतात आणि ऑक्टोबरपर्यंत थांबतात. दिवाळीत गेलात तर बहुतेक कळप परत दक्षिणेला वळलेले असतात. मे महिन्यात येऊन «कळप कुठे आहेत?» म्हणून ड्रायव्हरवर डाफरणारे लोक मी पाहिले आहेत. त्या बिचाऱ्याने काय उत्तर द्यायचं?

मे महिन्यात जाऊच नये असं मी म्हणत नाही. सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते, पाणघोडे बारा महिने तिथेच असतात. गाड्या कमी असतात, आणि परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्कही निम्मं: २०२४ पासून जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २००. फक्त मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा आहे हे धरून चाला. माराची माती आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखीच आहे, ओली झाली की चाक धरून ठेवते. अशा दिवसांत मिनीव्हॅन स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, फोर-व्हील-ड्राइव्ह लँडक्रूझरच घ्या.

आणि ऑगस्टमध्ये गेलात म्हणजे कळप तुमच्या सोयीने नदीत उतरतील असंही नाही. ते काठावर येतात, तासन् तास उभे राहतात, पाणी पितात, आणि एखादा झेब्रा बिचकला की सगळे मागे फिरतात. दोन तास थांबल्यावर «चला, जेवायची वेळ झाली» असं सुरू होतं. निघायचं असेल तर निघा, पण बाकीच्या गाडीला ओढू नका. नदीसाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवा, डबा बरोबर घ्या, आणि एवढं करून कळप उतरले नाहीत तरी काठावरचे पाणघोडे आणि मगरी मन लावून पाहा.

क्रॉसिंग, म्हणजे कळपाचं नदी ओलांडणं, सुरू झाल्यावरचा प्रकार तर पाहवत नाही. मागे उभ्या असलेल्या गाड्या एकदम धावत काठाशी येतात, काही लोक टपावर चढतात, काही चक्क खाली उतरतात. कळपाची वर चढायची वाट अडते, जनावरं वळून पुन्हा पाण्यात पडतात, खडकांच्या बेचक्यात एकमेकांना तुडवतात. मारा नदीत वर्षाला सरासरी सहा हजारांहून जास्त विल्डबीस्ट बुडून मरतात, हे काठावर मेलेली जनावरं वर्षानुवर्षं मोजून काढलेलं आहे. त्यात माणसाने भर घालायची गरज नाही. गाडीतून उतरायचं नाही म्हणजे नाही. टपावर बसायचं नाही. तुमच्या गाडीतलं कोणी उतरायला लागलं तर हात धरून बसवा, भिडेखातर गप्प राहू नका.

पाच दिवसांत चार पार्क

अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मारा, सगळं पाच रात्रींत. कागदावर छान दिसतं. नैरोबीहून माराच्या सेकेनानी गेटपर्यंतच पाच-सहा तास जातात, अंबोसेली अगदी उलट दिशेला. अर्धी सहल खिडकीतून हायवे पाहण्यात जाते आणि प्रत्येक ठिकाणी एकच सकाळ हाती लागते. अंबोसेलीला एक रात्र राहून किलिमांजारो दिसला नाही म्हणून हळहळणारे याच घाईचे बळी. तो डोंगर पहाटे आणि संध्याकाळी तोंड दाखवतो, एरवी ढगात असतो, म्हणून तिथे निदान दोन रात्री पाहिजेत. नाकुरूला गुलाबी फ्लेमिंगोंनी भरलेलं तळं पाहायचं म्हणून जाणाऱ्यांनीही थोडं वाचून जावं: तळ्याचं पाणी वाढल्यापासून ते पक्षी पूर्वीसारखे तिथे नसतात. गेंडे मात्र तिथे छान दिसतात, त्यांच्यासाठी जा. पाच रात्री असतील तर मी दोनच जागा निवडते, तीन रात्री मारा आणि दोन रात्री दुसरीकडे.

«बिग फाइव्ह»च्या यादीवर टिकमार्क करत हिंडणं हीही घाईच. शिकारीच्या काळात पायी मारायला जी पाच जनावरं सर्वांत धोक्याची, त्यांची ती यादी. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. त्या यादीत जिराफ नाही, चित्ता नाही, पाणघोडा नाही, सेक्रेटरी बर्ड हा लांब पायांचा पक्षीही नाही. मग ते पाहायचेच नाहीत का?

घरून निघताना

यलो फीव्हरची लस विसरू नका. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच मिळते, निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि एकदा घेतली की जन्मभर पुरते. गल्लीतल्या दवाखान्यातून कागद आणायचा शॉर्टकट कोणी सुचवला तर त्याचं ऐकू नका. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या.

आफ्रिका म्हणजे उकाडा, असं धरून नुसते टी-शर्ट भरू नका. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे उघड्या गाडीत हुडहुडी भरते. स्वेटर, कानटोपी आणि वरून एक विंडचीटर पाहिजेच. टांझानियातल्या सेरेंगेटी किंवा तारंगीरेला जाणार असाल तर गडद निळे आणि काळे कपडे घरी ठेवा, त्से-त्से माश्या त्या रंगांवर येतात आणि कापडातूनही चावतात.

चिवडा-लाडू जरूर न्या, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नेऊ नका. केनियात २०१७ पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांत एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे आणि घरची पाण्याची बाटली न्या. खायचे पदार्थ तंबूत उघडे टाकलेत तर माकडं आणि बबून चेन उघडून आत येतात, आणि त्यांना हाताने खाऊ घातलंत तर पुढच्या पाहुण्यांवर ते धावून जातात. शाकाहारींनी बॅगभर ठेपले नेण्याइतकी काळजी करू नये. चपाती हे केनियात रोजचंच अन्न आहे आणि तिचं नावही चपातीच.

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान सहसा १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस तिथे चालत नाही.

ड्रोन घरी ठेवा. प्रत्येक गाडीत एक तरी दुर्बीण पाहिजे. मासाई माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, मुलांचे तर नाहीच. रानात फोनवर गाणी लावू नका आणि सिंह पाहून «ए शुक शुक» करू नका, त्याने तो तुमच्याकडे पाहत नाही, शेजारच्या गाड्या पाहतात.

शेवटच्या दिवशी राखीव क्षेत्राच्या आतल्या लॉजमधून सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडायचं असतं, नाहीतर आणखी एका दिवसाचं शुल्क बसतं. म्हणून त्या दिवशी पहाटेच बॅगा गाडीत टाका, नाश्त्याचा डबा बांधून घ्या आणि गेटच्या वाटेनेच गेम ड्राइव्ह करत, म्हणजे गाडीतून जनावरं पाहत, निघा.