सैन्यातील समाजकार्यकर्त्यांनी दुय्यम आघाताचा ताण कसा ओळखावा आणि कसा हाताळावा

जवानाने सांगितलेला स्फोट समाजकार्यकर्त्याने स्वतः पाहिलेला नसतो, तरीही तोच प्रसंग पुढे त्याच्या झोपेत येऊ लागतो. हा नुसता शिणवटा नव्हे; दुसऱ्याच्या आघाताच्या हकिकती ऐकून येणारा हा दुय्यम आघाताचा ताण आहे. कामाच्या बोजाने येणारा शिणवटा हळूहळू साचतो, तर दुय्यम आघाताचा ताण एखाद्याच हकिकतीनंतर अचानक सुरू होऊ शकतो आणि रजेवर गेल्यानेही पाठ सोडत नाही. कामाच्या निमित्ताने आघाताचे भीषण तपशील वारंवार कानी पडणे हेही आघातोत्तर तणाव विकाराचे (पीटीएसडी) कारण ठरू शकते, हे अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या निदाननिकषांत मान्य केलेले आहे.

स्वतःची तपासणी ठरावीक काळाने करावी. ब्रायन ब्राइड व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली १७ विधानांची प्रश्नावली समाजकार्यकर्त्यांसाठी उपयोगी आहे. नको असलेल्या आठवणी, टाळाटाळ आणि सततची सावधावस्था या तिन्हींचा मागील सात दिवसांतील अनुभव ती विचारते. यांपैकी टाळाटाळ सर्वांत फसवी असते, कारण ती सौजन्यासारखी दिसते. जवान मूळ प्रसंगापाशी येताच आपण ‘आज एवढे पुरे’ म्हणतो, किंवा त्याचीच भेट पुन्हापुन्हा पुढे ढकलतो. ही सवय कोणासाठी चालली आहे, हे प्रामाणिकपणे पाहावे.

गणवेशातील समाजकार्यकर्ता अनेकदा त्याच तळावर, त्याच धोक्यात राहतो. त्यामुळे स्वतःचा आघात आणि ऐकलेला आघात वेगळे ओळखण्यासाठी अनुभवी मार्गदर्शकाशी नियमित चर्चा हवी, आणि शक्यतो हा मार्गदर्शक आपला कामगिरी अहवाल लिहिणारा अधिकारी नसावा. गोपनीयतेच्या मर्यादा सुरुवातीलाच विचारून घ्याव्यात.

तीव्र आघात सोसलेल्या जवानांच्या दोन भेटी लागोपाठ ठेवू नयेत. नोंदीत उपचारासाठी आवश्यक तेवढेच लिहावे, आणि सहकाऱ्याशी बोलताना भीषण तपशील सांगण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी. श्वसनाचे व्यायाम जरूर करावेत. मात्र प्रकरणांची वाटणी बदलल्याशिवाय त्यांवर भिस्त ठेवणे अन्यायाचे आहे, आणि ती वाटणी बदलणे ही वरिष्ठांचीच जबाबदारी आहे.

लक्षणे महिनाभर टिकली किंवा काम, झोप आणि घर यांवर परिणाम होऊ लागला, तर आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार (आघाताशी जोडलेले विचार व वागणूक बदलण्याचा उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर केला जाणारा उपचार) यांचे प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञाकडे जावे. जीव देण्याचे विचार येत असतील, तर त्याच क्षणी मदत मागावी.