इसार देण्याआधी पोपटाचे कागद मागा

पुणे–बेळगाव गाडीवर मी अकरा वर्षं कंडक्टर होतो. आता धनकवडीत घरीच असतो. गल्लीत कुणाला पोपट पाळायची हौस आली की मला विचारायला येतात, त्याचं कारण पुढे सांगतो. परवा शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन आल्या. परराज्यातला कुणी माणूस ‘बोलणारं पिल्लू, पुण्यात घरपोच, निम्मे पैसे आधी’ म्हणत होता. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी फोटो मोठा करून पक्षी ओळखा. अंग हिरवं, चोच लाल, शेपूट लांब, तर तो आपला राघू. गळ्याचा गुलाबी-काळा कंठ फक्त मोठ्या नराला असतो, पिल्लाला नसतो, म्हणून ‘कंठ नाही, म्हणजे विदेशी’ ही थाप ऐकू नका. अंगानं थोराड आणि खांद्यावर लाल डाग असेल तर पहाडी. डोकं जांभळट-तांबडं असेल तर तुईया. हे तिन्ही आपल्या रानातले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांची खरेदी-विक्री बंद आहे.

विक्रेते तीन गोष्टी हमखास सांगतात. ‘आमच्या राज्यात चालतं’ ही पहिली. कायदा केंद्राचा आहे, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून तो बदलत नाही. ‘पिल्लू पिंजऱ्यातच जन्मलंय’ ही दुसरी. पिंजऱ्यात वाढवलेला राघूही कायद्याला राघूच. तिसरी सगळ्यात गोड: ‘विकत नाही हो, दत्तक देतोय, फक्त खाण्याचा खर्च द्या.’ वन्यप्राणी सरकारी मालमत्ता आहे आणि परवानगीशिवाय तो भेट म्हणूनही देता-घेता येत नाही, असं कलम ३९ सांगतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घेणाराही यातून सुटत नाही.

आणि नेणाराही नाही. कलम ४८-अ प्रमाणे वाहतुकीसाठी वन्यप्राणी स्वीकारणाऱ्यानं आधी परवानगीची खात्री करायची असते, मग तो ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर असो की कुरिअरचा पोरगा. हे मला कंडक्टर असताना माहीत नव्हतं. मार्चचे दिवस होते. बेळगावला एकजण आंब्याची करंडी घेऊन चढला. आंब्याला अजून वेळ होता, तेवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं. साताऱ्याच्या अलीकडे करंडीतून चिरका आवाज आला म्हणून गोणपाट उचललं. नीट पिसंही न फुटलेली नऊ पिल्लं होती. चार मेली होती. राघूंचा विणीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, तेव्हाच ढोलीतून पिल्लं काढतात. मी त्या माणसाला फक्त रागावलो आणि स्वारगेटला उतरू दिलं. उरलेल्या पाचांचं काय झालं, ते आजही मनातून जात नाही. म्हणून मी कायदा वाचायला लागलो.

पाळायचाच असेल तर विदेशी पक्ष्यांत बजरीगर, ज्यांना आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो, आणि कॉकटील यांना वन्यजीव कायद्याची नोंदणी लागत नाही. दुकान मात्र नोंदणीकृत असावं, आणि पावती घ्याच. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा, सन कोन्यूर यांची गोष्ट वेगळी. २०२२ च्या दुरुस्तीनं ते कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, आले आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर त्यांची नोंदणी सक्तीची झाली. परराज्यातला माणूस असा पक्षी देत असेल तर त्याच्या नावाचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. प्रमाणपत्रावरची खूण आणि पक्ष्याच्या पायातल्या कडीचा नंबर जुळतो का, ते व्हिडिओ कॉलवर बघा. पक्षी तुमच्या नावावर झाल्याची नोंदही पोर्टलवर करावी लागते. ‘आधी न्या, कागद मागून पाठवतो’ म्हणाला तर फोन ठेवा. वहिनींनी त्यांच्या विक्रेत्याकडे प्रमाणपत्र मागितलं, तर त्यानं उत्तर दिलं नाही. फोटोतलं पिल्लू पहाडी होतं.

घरात आधीच राघू असेल तर घाबरून त्याला तळजाईच्या टेकडीवर सोडून येऊ नका. पंख कापलेला, हातावर वाढलेला पक्षी कावळ्या-घारींच्या तोंडी जातो. दुसऱ्या कुणाला देऊही नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, पक्षी किती दिवस आहे आणि काय खातो ते खरं सांगा, आणि ते येईपर्यंत पिंजऱ्यावर पातळ कापड टाकून पाण्याची वाटी आत ठेवा.