जीनोमची तुलना करताना या चुका टाळा

यीस्टचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, छोटा: सुमारे १.२ कोटी बेस (डीएनएची अक्षरं) आणि सहा हजारांच्या आसपास जनुकं. तरी दोन यीस्टची तुलना करताना हमखास चुकतं ते एकाच ठिकाणी. ब्लास्टमध्ये (सारखे क्रम शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सर्वांत वर आलेलं जनुक म्हणजे दुसऱ्या प्रजातीतलं 'तेच' जनुक, असं धरून त्याचं काम इकडून तिकडे चिकटवलं जातं.

क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टचं गॅल-१ जनुक घ्या. त्याचं प्रथिन गॅलॅक्टोज या साखरेला फॉस्फेट जोडतं आणि गॅलॅक्टोज आल्याची वर्दी देऊन बाकीची गॅल जनुकंही चालू करतं. बेकरीच्या यीस्टच्या पूर्वजाचा आख्खा जीनोम सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झाला आणि ही कामं जनुकाच्या दोन प्रतींत वाटली गेली. गॅल-१ मुख्यतः फॉस्फेट जोडतं, गॅल-३ वर्दी देतं. गॅल-३ मध्ये सेरीन आणि अॅलनीन ही दोनच अमिनो आम्लं गळाली आहेत. ती परत बसवली की तेही फॉस्फेट जोडू लागतं! पहिल्या हिटवर (ब्लास्टने दाखवलेल्या जुळत्या जनुकावर) थांबलात तर या जोडीतलं एक जनुक हातचं जातं.

म्हणून शोध प्रथिनाच्या क्रमाने घ्या. सुरुवातीला ई-मूल्य (असे हिट निव्वळ योगायोगाने किती मिळतील याचा अंदाज) जास्तीत जास्त १०⁻⁵ आणि दोन्ही प्रथिनांची निदान ७० टक्के लांबी जुळलेली, एवढी चाळणी पुरते. त्यातून उरलेले सगळे हिट ठेवा. मग दोन्ही बाजूंची पाच-पाच शेजारी जनुकं पाहा. इथे मात्र जपून: बेकरीच्या यीस्टमध्ये गॅल-१ च्या शेजारी लॅक्टिससारखीच गॅल-१० आणि गॅल-७ आहेत, तर गॅल-३ वेगळ्याच गुणसूत्रावर आहे. नुसता शेजार पाहिला तर गॅल-३ पुन्हा सुटेल. माफ्ट या प्रोग्रॅमने प्रथिनक्रमांची जुळणी आणि आयक्यू-ट्री या प्रोग्रॅमने वंशवृक्ष केल्यावरच दोन्ही जनुकं लॅक्टिसच्या गॅल-१ ची सारखीच नातलग असल्याचं दिसतं.

'जनुक नाही' असं लिहिण्याआधी टीब्लास्टएनने (प्रथिनाचा क्रम डीएनएत शोधणाऱ्या ब्लास्टने) मूळ डीएनए तपासा आणि बुस्कोने (हमखास असायला हव्यात अशा जनुकांची मोजणी करणाऱ्या प्रोग्रॅमने) जीनोम कितपत पूर्ण आहे ते पाहा. जनुक बऱ्याचदा डीएनएचे तुकडे जोडून केलेल्या जीनोम-जुळवणीतल्या फटीत अडकलेलं असतं. एकाच स्ट्रेनवरून (प्रजातीतल्या एका वाणावरून) प्रजातीचा निकालही लावू नका. सॅकरोमायसिस कुद्रियावझेवी या यीस्टच्या जपानी स्ट्रेनमध्ये गॅल जनुकं मोडलेली आहेत, पोर्तुगालमधल्या स्ट्रेनमध्ये ती चालू आहेत.