बसून काम आणि वजन उतरवायचंय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

सकाळी रंकाळ्यावर जाऊन बघा, चालणाऱ्यांची गर्दी काय कमी नसते. नवे बूट, कानात इयरफोन, चालणं पण दणक्यात. आणि तासाभरानं त्यातलेच निम्मे मिसळीच्या हॉटेलात, "जरा कट वाढवा ओ" म्हणत बसलेले. संध्याकाळी जिमला जाणारे तिथनं सुटले की थेट दूध कट्ट्यावर, म्हशीचं ताजं दूध प्यायला. मग दोन-तीन महिन्यांनी काट्यावर उभं राहून म्हणायचं, एवढं करतोय तरी काय फरक नाही राव, माझं शरीरच तसलं हाय.

शरीराला नावं ठेवायच्या आधी हिशोब बघू. ७५ किलोचा माणूस चार किलोमीटर चालला तर साधारण २०० ते २५० कॅलरी जातात, बस्स. आणि म्हशीच्या दुधाचा २५० मिलीचा एक पेला, साखर न घालता, अडीचशेच्या वरच जातोय. म्हणजे सगळं चालणं एका पेल्यात फिटलं. मिसळीचं तर विचारूच नका, फरसाण तळलेलं, वर कटाचा तवंग, ब्रेडचे स्लाइस किती झाले ते मोजतंय कोण, आणि कट दुसऱ्यांदा आला की पहिल्या वाटीचा हिशोब विसरायचाच असतोय. दूध वाईट, मिसळ वाईट असं मी म्हणत नाही, तसं म्हटलं तर गावात राहू देणार नाहीत. पण व्यायाम झाला म्हणून बक्षीस म्हणून ते खायचं, ही आपल्याकडची एक नंबरची चूक.

ही सवय आली कुठनं तेही कळतंय. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागचं मैदान बांधलं, गल्लोगल्ली तालमी झाल्या, त्यामुळं अंग हललं की खुराक पाहिजेच हे घराघरात बसलंय. पण गंगावेस नाहीतर मोतीबाग तालमीतलं पोरगं पहाटे उठून जोर-बैठका मारतंय, आखाड्याच्या हौद्यात लढती करतंय, संध्याकाळी परत मेहनत, त्याला थंडाई पण पचते आणि तूप पण. आपण बँकेत, सीएच्या ऑफिसात नाहीतर गोकुळ शिरगावच्या कंपनीत अकाउंट्सला आठ-नऊ तास खुर्चीत. खुराक पैलवानाचा आणि मेहनत कारकुनाची, मग ते जाणार कुठं, पोटावरच.

म्हणून नवीन सुरुवात करणाऱ्यानं एवढं ठरवायचं की तासाभराच्या आतल्या व्यायामासाठी जादा काही खायचं नाही, जो नाष्टा रोज करता तोच करायचा. भूक लागलीच तर दोन उकडलेली अंडी नाहीतर वाटीभर मटकीची उसळ, कट नसलेली.

तेलाचा डबा बघितलाच जात नाही

डाएट म्हटलं की लोक भात बंद करतात, भाकरी मोजतात आणि कढईत काय ओतलं जातंय तिकडं बघतच नाहीत. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी, भात-भाकरीतल्या पिठूळ पदार्थात ४. साधा एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल, १२० कॅलरीच्या आसपास. कोल्हापुरी भाजीला तवंग नसला तर घरातलेच विचारतात, आज आजारी माणसाचं जेवण केलंय का.

याच्यावर सोपी तपासणी हाय, ॲप बिप काय नको. घरात पाच लिटरचा डबा येतो तेव्हा त्याच्यावर तारीख लिहून ठेवा आणि संपला की भागाकार करा. बसून काम करणाऱ्याला माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर तेल बास होतंय. चार माणसांच्या घरात पाच लिटर महिन्यातच संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात अर्धा लिटर तरी जादा जातंय, म्हणजे चार हजाराच्या वर कॅलरी, आणि अंगावरची एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरीच्या आसपास धरतात. म्हणजे दोन महिन्याला एक किलो तिथंच चढायची सोय. चहात साखरेऐवजी गूळ घालून हे भरून निघत नसतंय ओ. आपला गूळ कितीही नावाजलेला असू दे, कॅलरी साखरेएवढ्याच, उन्नीस-बीसचा फरक. ऑफिसात दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे म्हटलं तरी साखरेच्याच १६० कॅलरी झाल्या, बिस्किटं वेगळी. चहा दोनवर आणा नाहीतर चमचा अर्धा करा, पंधरा दिवसात जीभ सरावते.

ड्रॉवरमधलं भडंग पण हलकं नसतंय. चुरमुरे हलके, मान्य, पण त्याला तेल आणि शेंगदाणे लागलेत, आणि मुठीतल्या ३० ग्रॅम शेंगदाण्यात १७० कॅलरी असतात. उपवासाची साबुदाणा खिचडी त्याच भावात.

रविवारचा तांबडा-पांढरा

हे बंद करा म्हणणारा डाएट प्लॅन कोल्हापुरात आठवडाभर पण टिकणार नाही, त्यामुळं बंद करायला सांगतच नाही. मटण स्वतः चांगलं, प्रोटीन भरपूर. घोळ होतो तो रश्श्यात. तांबड्यावर तेलाचा तवंग, पांढऱ्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखस, आणि ताटाबरोबर रस्सा पाहिजे तेवढा, वाट्यावर वाट्या ओढायची शर्यतच लागते. सुकं मटण पोटभर खा, दोन्ही रश्श्याची एकेक वाटी घ्या, भाकरी एक किंवा भात, दोन्ही नाही. सोमवार ते शनिवार रोज ४०० कॅलरी वाचवल्या तर सहा दिवसांच्या २४०० होतात, आणि रविवारचं मटण, दुपारचं आईस्क्रीम, संध्याकाळची भेळ मिळून त्यातल्या बहुतेक एका दिवसात परत भरता येतात. "आठवडाभर कंट्रोल करतोय पण वजन हलत नाही" म्हणणाऱ्यांची भानगड बहुतेक वेळा हीच.

आणि सोमवारी सकाळी काट्यावर उभं राहू नका. आदल्या दिवशीचं मीठ आणि भात अंगात पाणी धरून ठेवतात, एक-दीड किलो जादा दिसतंय आणि माणूस तिथंच हातपाय गाळतोय. ती चरबी नसते, दोन-तीन दिवसात उतरते.

पहिल्या दिवशी शंभर बैठका

दुसरी चूक उलट्या बाजूची. गडी जोशात येतो, आजोबा तालमीत जायचे, आपल्या रक्तातच हाय म्हणतो आणि पाच-सात वर्षं खुर्चीत बसलेल्या मांड्यांना एका दिवसात शंभर बैठका लावतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, संडासला बसता येत नाही, मग आठवडा सुट्टी आणि तिथनं पुढं कायमचीच. अंग दुखणं २४ तासांनंतर वाढत जातं आणि तीन दिवसापर्यंत राहतं, ते साधं दुखणं. पण असला अतिरेक केल्यावर लघवी गडद तपकिरी, कोलासारखी झाली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं, स्नायू फुटून किडनीवर ताण आलेला असू शकतो.

सुरुवात अशी करा. बैठकांच्या जागी खुर्चीतनं हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं, ८ ते १२ वेळा. जोर जमिनीवर जमत नसतील तर भिंतीला हात लावून, मग टेबलाच्या कडेला, मग जमिनीवर. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची, कारण बसून बसून मागचे स्नायू झोपलेले असतात. पाठीसाठी दप्तरात वह्या-पुस्तकं भरून वाकून पोटाकडं ओढायचं, पाठ सरळ ठेवून. या चार गोष्टी, दोन-तीन सेट, आठवड्यात तीन दिवस, मधे एक दिवस मोकळा. १२ आरामात व्हायला लागले की अवघड करायचं, दप्तरात वजन वाढवायचं. तेच ते सहा महिने केलं तर शरीर तिथंच थांबतं, बरेच जण इथंच अडकतात.

नुसतं चालून वजन उतरतंय, पण टोनिंग होत नाही. टोनिंग म्हणजे काय वेगळं जादूचं नाही, खाली स्नायू असायला पाहिजे आणि वरची चरबी कमी व्हायला पाहिजे. नुसतं उपाशी राहून उतरवलं की चरबीबरोबर स्नायू पण जातो आणि माणूस बारीक होऊन पण ढिला दिसतो. बायकांना वाटतं डंबेल उचललं की दंड पैलवानासारखे होतील, तर तायांनो, पैलवानांना ते वर्षानुवर्षं मरमर मेहनत करून पण लवकर होत नाहीत, तुमचे दोन-तीन किलोच्या डंबेलनं कसे होतील. आणि पोटाचे कितीही क्रंचेस मारले तरी पोटावरचीच चरबी जात नसते, ती कुठनं आधी जाणार ते शरीर ठरवतं. घामाचा पट्टा बांधून फक्त पाणी जातंय, दोन ग्लास पाणी प्यालात की परत आलं.

प्रोटीनची बाजू आपल्या डब्यात हमखास पडते. तीन चपात्या आणि बटाट्याची भाजी, संपला डबा. व्यायाम करत वजन उतरवायचं असेल तर किलोमागं साधारण १.२ ग्रॅम प्रोटीन धरा, म्हणजे ७५ किलोला ९० ग्रॅम. दोन अंड्यांत १२, वाटीभर उसळीत सात-आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८. एक चपाती काढून त्या जागी उसळ नाहीतर अंडी टाकली तरी दुपारी चारची भडंगाची आठवण कमी होते. पावडर लगेच घ्यायची गरज नाही. फॅट बर्नरच्या गोळ्या तर अजिबात नको. किडनीचा त्रास असणाऱ्यानं मात्र प्रोटीन डॉक्टरला विचारूनच वाढवायचं.

खुर्ची

सकाळी तासभर व्यायाम, मग गाडीवर ऑफिस, आठ तास बूड हलवायचं नाही, परत गाडीवर घरी आणि सोफा. उरलेल्या वेळेत तुम्ही किती हलता यावर दिवसाचा बराच हिशोब असतोय. अर्ध्या-पाऊण तासानं उठायचं, मोबाईलवरचे फोन उभं राहून नाहीतर फेऱ्या मारत घ्यायचे, पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवायची म्हणजे भरायला उठावं लागतंय. डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं चाला, जेवणानंतर चढणारी साखर त्यानं कमी चढते आणि तीन वाजताची पेंग पण. झोप सात तासाच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं जास्तच खावंसं वाटतं, तेव्हा रात्री मोबाईल बाजूला ठेवा, एवढंच सांगतो.

तरीपण हलत नसेल तर

आधी मोजणं नीट करा. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही न खाता वजन, आणि एका दिवसाचा आकडा न बघता आठवड्याची सरासरी. बायकांनी पाळीच्या आसपासचं वजन मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडून बघायचं. टेलरची टेप घ्या आणि शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध घेर मोजा, पँटच्या पट्ट्यावर नाही, पट्टा तर पोटाच्या खालीच बांधलेला असतो. आपल्या लोकांत पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांचा ८० च्या वर गेला तर धोका धरतात. वजन तेच राहून घेर उतरत असेल तर काम चालू हाय, काही बदलू नका.

आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी वेग चांगला. नुसतं सूप आणि पपई खाऊन आठवड्यात तीन किलो उतरतात त्यात बहुतेक पाणीच असतंय, भाकरीवर आलात की परत.

तीन-चार आठवडे ना वजन ना घेर हलला, तर आधी रविवार तपासा, मग तेलाचा डबा, मग ऑफिसातला चहा आणि ड्रॉवर, आणि व्यायाम सुरू केल्यापासून बाकीच्या वेळी जास्तच लोळायला लागलात का तेही बघा, बऱ्याच जणांचं होतं तसं. एवढं सगळं खरोखर नीट असेल तर थायरॉईडची टीएसएच आणि साखरेची (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी) एचबीएवनसी या रक्ततपासण्या करून घ्या, पाळी अनियमित असेल तर पीसीओडीसाठी, म्हणजे बीजकोशांच्या त्रासासाठी, डॉक्टरला दाखवा, आणि स्टेरॉईड किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या चालू असतील तर त्यांनीही वजन वाढतं, पण त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल, नाहीतर चालताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, तर ही सगळी यादी नंतर, डॉक्टर आधी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कमी करायच्या आधी डोस विचारून घ्यायचा, कारण खाणं घटलं आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली येऊ शकते.